गालातली पिन

माझ्या आईच्या काळ्या पोतीला कायम दोन सेफ्टी पिना अडकवलेल्या असायच्या. मोठी पिन परकराचा नाडा ओवायला, बारीक पिन काटा काढायला. रोवण्याच्या दिवसांत माणसं बांधीतून घरी परतली की आमच्या ओट्यावर कोणाचा ना कोणाचा पाय तिच्या मांडीवर असायचाच. ती पिनेचं टोक काडीच्या जाळावर धरायची, काळं झालं की पदराला पुसायची आणि काट्याभोवतीची कातडी इतक्या हलक्या हातानं उकलायची की आपण श्वास रोखून बसलोय हेही लक्षात येत नसे. काटा निघाला की तळहातावर ठेवून दाखवायची. आसगावात तिचा हात नावाजलेला होता. दुसऱ्या मोहल्ल्यातून लोक लंगडत यायचे आणि पान खाऊन चालत जायचे.

त्या बारीक पिनेकडे बघून मी एकदा दुसऱ्याच एका पिनेचं चित्र काढलं. ते चित्र तीस वर्षांहून जास्त काळ झाला तरी माझ्या डोक्यातून गेलेलं नाही.

मी पेंटर. आमचं आसगाव पवनी तालुक्यात, चौरास भागात. वैनगंगेच्या अंगाचा हा धानाचा पट्टा. दिवाळी झाली की गावोगावी मंडई भरते. ज्या त्या गावाचा दिवस ठरलेला. लेकी-जावई येतात, शिंगाड्यांचे ढीग लागतात, भज्यांच्या कढया चढतात, दिवसा दंडार किंवा खडी गंमत होते आणि रात्री नाटक. आमच्या या झाडीपट्टीतलं नाटक रात्री दहाला उभं राहतं आणि उजाडल्यावर संपतं. दिवाळीपासून होळीपर्यंत हाच हंगाम. वडशाच्या नाटक कंपन्या या काळात एका गावातून दुसऱ्या गावात सारख्या फिरत असतात. मी लहानपणापासून या नाटकांचे पडदे रंगवत आलो. राजवाडा, जंगल, रस्ता, झोपडी. दुकानांच्या पाट्या, ग्रामपंचायतीच्या भिंती, कुटुंब नियोजनाचे त्रिकोण, हे पोटापाण्याचं काम. पडदा हे जिवाचं काम.

१९९१ची मंडई. मी तेव्हा एकवीस वर्षांचा होतो. मंडईच्या आदल्या दिवशी एक व्हिडिओवाला माझ्याकडे आला. तो भाड्याचा व्हीसीआर, रंगीत टीव्ही आणि जनरेटर घेऊन मंडया करायचा. त्याच्याकडं एक कॅसेट होती, प्लॅस्टिकच्या खोक्यात, वर फोटो. म्हणाला, ‘‘पेंटर, याचा चार बाय तीनचा पत्रा पाह्यजे, उद्या दुपारपावतर.’’

फोटोत एक गोरी मुलगी होती. डोक्याच्या दोन्ही बाजू भादरलेल्या आणि मधोमध कोंबड्याच्या तुऱ्यासारखे उभे, लालभडक केस. काळं चामड्याचं जाकीट, त्यावर पांढऱ्या रंगानं हातानं खरडलेली अक्षरं. गळ्यात कुत्र्याला बांधतात तसली साखळी. आणि डाव्या गालात आरपार सेफ्टी पिन. ती कॅमेऱ्याकडं अशी बघत होती की जणू फोटो काढणाऱ्याला तिनंच तिथं उभं केलंय. असं बघणारी बाई मी तोवर कधी रंगवली नव्हती. कॅलेंडरातल्या लक्ष्मीपासून साबणाच्या जाहिरातीतल्या बाईपर्यंत ज्या रंगवल्या, त्या सगळ्या दुसऱ्यांनी बघावं म्हणूनच जन्मलेल्या होत्या. ही स्वतः बघत होती.

सिनेमाचं नाव काय होतं ते आज आठवत नाही. अक्षरं मात्र आठवतात. प्रत्येक अक्षर वेगवेगळ्या वर्तमानपत्रातून कापून चिकटवल्यासारखं होतं. एक मोठं, एक बारीक, एक काळ्यावर पांढरं, दुसरं तिरकं. चुन्याची दोरी मारून ओळ सरळ करायला शिकलेल्या माझ्या हाताला ते सहन होईना. व्हिडिओवाला म्हणाला, ‘‘नाव कोन वाचते? बाई मोठी काढ.’’ मी बाई मोठी काढली आणि नाव खाली, एका ओळीत, एका मापात, नीटनेटकं लिहून दिलं.

कोपऱ्यात त्याच्या सांगण्यावरून लाल गोलात ‘ए’ काढला आणि खाली लिहिलं, ‘फक्त प्रौढांसाठी’. त्या कॅसेटला कुठल्या सेन्सॉर मंडळानं पाहिलेलंही नसणार. तिला प्रमाणपत्र दिलं ते माझ्या सहा नंबरच्या ब्रशनं. ‘प्रौढ’ हा शब्द लिहायची माझ्या हाताला सवय होती, त्याचं कारण वेगळं. १९८८ मध्ये राष्ट्रीय साक्षरता मिशन सुरू झालं आणि नंतर आमच्याकडंही कंदिलाच्या उजेडात प्रौढांचे वर्ग भरू लागले. त्या वर्गाची पाटी मीच रंगवली होती आणि त्या वर्गात माझी आई जात होती.

पत्रा अंगणात वाळत ठेवला होता. पिन मी सर्वांत शेवटी काढली. रूपेरी रंगानं तिची तार ओढली आणि कडेला काळ्याची केसाइतकी बारीक रेघ दिली की ती गालातून वर आल्यासारखी दिसायला लागली. नमुन्यासाठी आईच्या पोतीची पिन मागून घेतली होती. ती परत घ्यायला आई आली आणि पत्र्यासमोर उभी राहिली.

‘‘हे कोनाची पोरगी होय रे?’’

‘‘पिच्चरातली होय, माय. विलायतेची.’’

ती वाकली. ‘‘गालात पिन खुपसली हाये तिनं?’’

‘‘तिकडची फॅशन होय ते.’’

आई बराच वेळ बघत राहिली. ‘‘दुखत नसन का तिले?’’

मी काही बोललो नाही. तिचं बोट पत्र्याच्या खालच्या कडेवरून ओल्या रंगाला न लागता सरकत गेलं. वर्गात शिकवलं होतं तसं एकेक अक्षर फोडत ती वाचत होती. फ, क्त. प्रौ, ढां, सा, ठी. मग एकदम माझ्याकडं वळून म्हणाली, ‘‘हे आमच्यावालंच होय का?’’

‘‘नाई माय. हे दुसरं.’’

रात्री एका वाड्याच्या मागं तट्टे लावून जागा केली होती. खाली तणस. पाच रुपये तिकीट. साठ-सत्तर माणसं दाटीनं बसली होती. व्हिडिओवाल्यानं कोऱ्या नोटेला पेट्रोल लावून व्हीसीआरचं हेड पुसलं, कॅसेट आत ढकलली. पडद्यावर आधी पांढऱ्या रेघा, मग गिटारचा असा आवाज की जनरेटरच बिघडला असं वाटावं. पहिली दहा मिनिटं मी पुढं सरकून बसलो होतो. भिंतींवर रंगानं खरडलेलं, फुटक्या काचा, रिकामी गोदामं, त्यांतून चालणारी ती तुरेवाली मुलगी आणि तिच्यासारखी चार पोरं. एकानं टीव्हीचा डबा वरच्या मजल्यावरून खाली फेकला. काहीतरी घडणार होतं. ही माणसं कोणावर तरी भयंकर चिडलेली होती आणि का चिडली आहेत ते आता कळणार, असं वाटत होतं.

मग एक दार बंद झालं. नंतर जे सुरू झालं त्याचं वर्णन करत नाही, कारण त्यात वर्णन करण्यासारखं काही नव्हतं. त्या पोरांची जाकिटं गेली, साखळ्या गेल्या, राग गेला. ती मुलगी, जी फोटोत सगळ्या जगाला जाब विचारत होती, ती पुढचा तासभर एक वाक्य बोलली नाही. तिला काय हवं आहे, काय नको, हे कोणी तिला विचारलं नाही. तिनंही सांगितलं नाही. मागच्या पोरांना सारखी घाई झालेली, त्यातल्या एकाला जांभई आली, दोघंजण कॅसेट झिजलेली आहे म्हणून व्हिडिओवाल्याशी भांडायला लागले. त्यांची निराशा वेगळी होती, माझी वेगळी.

आणि ती पिन. मी दिवसभर तिच्यावर नजर लावून काम केलेलं, म्हणून माझ्याच लक्षात आलं. आधी ती डाव्या गालात होती. दार बंद झाल्यावर उजव्या गालात दिसली. डाव्या गालावर भोक नव्हतं, वण नव्हता, लाली नव्हती. मधून कापलेली पिन होती ती. दोन तुकडे कसल्याशा डिंकानं चिकटवलेले, नाटकातल्या मिशीसारखे. पुढच्या एका प्रसंगात तर अर्धाच तुकडा उरला होता, दुसरा कुठंतरी गळून पडला होता. ते कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं, किंवा आलं असूनही कोणाला फरक पडला नव्हता.

मी उठलो. गावाच्या दुसऱ्या टोकाला नाटक चालू होतं, पडदे माझे होते. मागच्या बाजूनं आत गेलो. विंगेत एक नटी पुढच्या प्रवेशाची तयारी करत होती. दिवाळीपासून एकही रात्र नीट न झोपलेली बाई. दोन्ही हातांत नऊवारीच्या निऱ्या, ओठांत धरलेली सेफ्टी पिन. पिन तशीच ओठांत ठेवून ती पेटीवाल्याला विचारत होती की सकाळी पवनीची पहिली एसटी किती वाजता आहे, तिला पोराच्या शाळेत जायचं होतं. मग पिन काढली, निऱ्यांत खुपसली, पदर सारखा केला आणि माझ्या राजवाड्यासमोर जाऊन उभी राहिली. समोरून शिट्ट्या आल्या. व्हिडिओवरून उठून आलेली पोरंही होती त्यांत. ती बोलली नाही. संवाद सुरूच केला नाही. पेटीवाला दोनदा सूर देऊन थांबला. ती नुसती शिट्ट्यांच्या दिशेनं बघत राहिली, आणि शिट्ट्या एकेक करून बंद झाल्या. मग तिनं पहिलं वाक्य टाकलं. आमच्याकडं पूर्वी बायकांची कामं पुरुष करायचे. दंडारीत, खडी गमतीत लुगडं नेसून नाचणारा नाच्या पुरुषच. त्या जागेवर जी बाई पहिल्यांदा स्वतःच्या अंगानं आणि स्वतःच्या आवाजानं उभी राहिली असेल, तिला किती रात्री असं बघत राहावं लागलं असेल, याचा मी त्या दिवशी प्रथमच विचार केला. २०२३ मध्ये गडचिरोलीच्या परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा सगळ्या झाडीपट्टीला आपलाच सत्कार झाल्यासारखं वाटलं. मला त्यात ही विंगेतली बाईही दिसली.

त्या कापलेल्या अक्षरांचा आणि पिनेचा उलगडा व्हायला पुढं बरीच वर्षं गेली. भाच्यानं त्याच्या मोबाइलवर मला ते सगळं दाखवलं. लंडन, १९७६-७७, पंकचा काळ. कामं नाहीत, शिकून घरी बसलेली पोरं, फाटलेले कपडे. फाटलेलं शिवायला दोरा नाही तर पिन लावायची, इतकी साधी सुरुवात. सेक्स पिस्टल्स नावाचा वाद्यवृंद आणि त्यांची चित्रं करणारा जेमी रीड. १९७७ मध्ये राणीच्या राज्याला पंचवीस वर्षं झाली म्हणून सारा देश सजवत होते आणि रीडनं राणीच्या छायाचित्रात तिच्या ओठांतून सेफ्टी पिन घातली. अक्षरं कापून चिकटवायची रीतही त्याच चित्रांतली. खंडणीखोर पत्रात अक्षरं चिकटवतो तशी. मी ज्या ओळीला सरळ केलं होतं ती मुद्दाम वाकडी होती, तो सगळा राग त्या वाकडेपणातच होता. ते कळलं तेव्हा मला त्या पत्र्याचं फार वाईट वाटलं. पत्रा आता असता तर मी तो पुन्हा रंगवून दिला असता, फुकट.

त्याच शोधात डेरेक जार्मनचा ‘ज्युबिली’ पाहिला. १९७८चा, तोही तिकडं फक्त प्रौढांसाठीच. पहिली एलिझाबेथ राणी तिच्या दरबारी ज्योतिषाच्या मदतीनं भविष्यात येते आणि तिला दिसतं ते उद्ध्वस्त इंग्लंड, रस्त्यांवर राज्य करणाऱ्या मुलींच्या टोळ्या. जार्मन मुळात चित्रकार. सिनेमे करायच्या आधी त्यानं दुसऱ्यांच्या सिनेमांचे सेट केलेले. पडदे रंगवणाऱ्याला पडदे रंगवणारा ओळखू येतो, त्याच्या भिंती मला फार आवडल्या. सिनेमा पूर्ण आवडला नाही. त्यातली क्रूरता मध्येच हौस वाटू लागते आणि मग आपण बाहेर पडतो. पण मजेची गोष्ट अशी की खुद्द पंक लोकांचे कपडे शिवणारी व्हिव्हियन वेस्टवूडही या सिनेमानं चिडली. ही बाई आधी प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. तिनं जार्मनला उघडं पत्र लिहिलं, सिनेमा कंटाळवाणा आहे असं ठणकावून सांगितलं, आणि ते अख्खं पत्र टी-शर्टवर छापून विकायला ठेवलं. मला हे वाचून इतका आनंद झाला! निराशा झाली तर ती अशी अंगावर घालावी, रस्त्यानं चालावं, आणि समोरच्यानं वाचावी. ‘ज्युबिली’शी असं भांडता येतं, कारण त्यात भांडायला माणसं आहेत. मंडईतल्या त्या कॅसेटशी मी भांडणार कसा? तिथं कोणी नव्हतंच.

आणि हे सगळं लंडनात व्हायच्या चार वर्षं आधी आपल्याकडं होऊन गेलं होतं. मुंबईत टॅक्सी चालवणाऱ्या नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ १९७२चा. त्याच वर्षी तेंडुलकरांचा ‘सखाराम बाइंडर’ रंगमंचावर आला. ‘गोलपिठा’ मला भंडाऱ्याला एका वाचनालयात मिळाला आणि मी तो उभ्यानंच वाचायला सुरुवात केली. त्यातले शब्द मला नवे नव्हते, गावात सगळेच बोलतात. ते छापलेले पाहणं नवं होतं, आणि त्याहून नवं हे की ते शब्द ज्यांच्यासाठी वापरतात त्या बायांची भूक, ताप, झोप, भीती त्याच ओळीत होती. शरीर होतं, पण कोणाचं तरी होतं. ‘बाइंडर’ मी पाहिला नाही, वाचला. निळू फुल्यांना चित्रपटांत पाहिलेलं असल्यामुळं सखाराम त्यांच्याच आवाजात ऐकू आला. चंपा मात्र मला त्या विंगेतल्या बाईच्या चेहऱ्यानं दिसली. लालन सारंग यांनी ती भूमिका केली तेव्हा नाटक अश्लील म्हणून अडवलं गेलं, कमलाकर सारंग कोर्टात गेले आणि लढून ते पुन्हा उभं केलं. चंपाला काय हवं, काय नको, हे ती तोंडानं सांगते. तेवढ्यानंच लोक हादरले होते.

त्याच्याही मागं जायचं तर र. धों. कर्वे. १९२७ ते १९५३ त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ काढलं, मुखपृष्ठावर विवस्त्र स्त्रीचं चित्र आणि आत संततिनियमनाचं, रोगांचं, बाईच्या सुखाचं साध्या भाषेत लिहिलेलं. खटले झाले. १९३४च्या खटल्यात डॉ. आंबेडकर त्यांचे वकील होते, तरी निकाल विरुद्ध गेला. नोकरी आधीच गेली होती, पैसाही गेला, मासिक मात्र मरेपर्यंत चालू राहिलं. केस नीट विंचरलेले, साधा कोट घातलेले गृहस्थ. गालात पिन नव्हती त्यांच्या. पण मला कोणी विचारलं की आपल्याकडचा पहिला पंक कोण, तर मी त्यांचं नाव सांगेन आणि मागं घेणार नाही.

आता व्हिडिओवाला नाही, तट्टे नाहीत. ज्याच्यासाठी पाच रुपये मोजून तणसावर बसायचं ते प्रत्येक पोराच्या खिशात आहे आणि त्यावर ‘ए’ लिहायला पेंटर लागत नाही. नाटकांचे बोर्ड फ्लेक्सवर छापून येतात. मंडईत काही ठिकाणी नाटकाऐवजी नाचाचे कार्यक्रम ठेवतात, मुली पोटासाठी येतात, पोरं नोटा उडवतात. मी त्या पोरांना दोष देत नाही. त्यांना ज्यानं हे दाखवलं त्यानं त्या मुलीचं तोंड कधी उघडू दिलं नाही, त्यांनी ते ऐकावं कुठून? माझ्या भाच्याशी मी यावर मोकळेपणानं बोलतो. त्याला कर्वे वाचायला दिले. तो वाचतो, प्रश्न विचारतो, मला येत नाहीत तेही विचारतो. झाडीपट्टीच्या नाटकाला अजूनही हजार-हजार माणूस रात्र काढतो आणि विंगेत अजूनही कोणीतरी ओठांत पिन धरून निऱ्या करत असते. मी मागं असलो की एक पिनांचं पाकीट खिशात ठेवतो.

आई जाऊन बरीच वर्षं झाली. तिची बारीक पिन माझ्या ब्रशांच्या डब्यात आहे. रंगाच्या नळीचं तोंड वाळून बंद झालं की मी तिनंच मोकळं करतो. तिचं टोक अजून काळंच आहे.

त्या मंडईच्या रात्री नाटक संपवून मी घरी आलो तेव्हा फटफटलं होतं. आई चुलीपुढं बसून पाणी तापवत होती. दुसऱ्या मोहल्ल्यातला कोणी म्हातारा एवढ्या सकाळी पाय धरून ओट्यावर येऊन बसला होता, अनवाणी मंडई फिरलेला. तिनं पोतीची पिन सोडली, जाळावर धरली आणि माझ्याकडं न बघताच विचारलं,

‘‘काहाडली का मंग तिची पिन?’’

मला आधी कळलंच नाही ती कोणाबद्दल बोलते आहे. मग कळलं. डावा गाल, उजवा गाल, गळून पडलेला तुकडा, सगळं डोळ्यापुढं आलं.

‘‘हो माय,’’ मी म्हणालो, ‘‘काहाडली.’’

‘‘बरं झालं,’’ ती म्हणाली, पिनेचं टोक पदराला पुसलं आणि म्हाताऱ्याचा पाय मांडीवर ओढून घेतला. ‘‘पिकला असता गाल बिचारीचा.’’